स्लीव्हनंतरच्या गोळ्या: महागडा डबा की कोपऱ्यावरचं मेडिकल?

निकाल आधी सांगते. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर आयुष्यभर व्हिटॅमिन घ्यायचीच असतात, त्यातून सुटका नाही. पण त्यासाठी 'बॅरिएट्रिक' (म्हणजे अशा ऑपरेशनवाल्यांसाठीचा) असं ठळक छापलेला महागडा डबा कायम मागवत बसायची गरज मला तरी वाटत नाही. सुरुवातीचे काही महिने तो सोयीचा आहे. पुढे सोलापुरातल्या साध्या मेडिकलमधून चार-पाच वेगवेगळ्या वस्तू नीट बघून घेतल्या तर तेच काम होतं, आणि माझा महिन्याचा खर्च निम्म्याच्या खाली आला. मात्र पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायची तयारी पाहिजे आणि वेळच्या वेळी रक्त तपासायची.

माझं स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, पुण्याला झालं. आमचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान, घर लिंगायतांचं, म्हणजे अंडंसुद्धा वर्ज्य. हे सांगायचं कारण, गोळ्या निवडताना या दोन्ही गोष्टी आड आल्या.

डबा आधी घेते. ऑनलाइन मागवलेला, चघळायच्या गोळ्यांचा. पहिल्या महिन्यांत मोठी गोळी घशाखाली उतरत नाही, त्यामुळे चघळायची गोळी म्हणजे उपकारच. चव आधी संत्र्याची आणि मागाहून लोखंडाची. भर मे महिन्यात कुरिअर आलं तेव्हा निम्म्या गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालं होतं. कंपनीला फोटो पाठवले तर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं उत्तर आलं. सोलापुरात मे महिन्यात थंड जागा कुठली, ते त्यांनीच येऊन दाखवावं.

आतला माल मात्र चोख होता. पुण्याच्या डाएटिशियनने अमेरिकेतल्या बॅरिएट्रिक सर्जनांच्या संघटनेचा २०१६ चा तक्ता दिला होता, त्याच्याशी मी एकेक ओळ ताडून पाहिली. बी१ रोज किमान १२ मिलिग्रॅम, बी१२ तोंडाने घेतलं तर ३५० मायक्रोग्रॅमच्या पुढे, फॉलिक ॲसिड ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, स्लीव्हवाल्यांना तांबं १ मिलिग्रॅम, जस्त ८ ते ११. सगळं बसत होतं. या डब्याखाली बऱ्याच जणांनी तक्रार लिहिली आहे की 'एवढे पैसे घेऊन कॅल्शियम शून्य'. ती तक्रार चुकीची आहे. ज्या गोळीत लोह आहे तिच्यात कॅल्शियम नसलेलंच बरं. दोन्ही एकत्र पोटात गेली की कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. उलट एकाच गोळीत भरघोस लोह आणि भरघोस कॅल्शियम अशी जाहिरात दिसली तर मी ते पाकीट तिथंच ठेवते.

आता मेडिकलमधल्या 'ए टू झेड' गोळ्या. नावं तेवीस-चोवीस असतात, पण आकडे बघा. त्या धडधाकट पोटाच्या माणसासाठी बेतलेल्या असतात. धडधाकट माणसाला बी१२ दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, आणि बऱ्याच पाकिटांत जवळपास तेवढंच असतं. आपल्याला लागतं त्याच्या शंभर पटीहून जास्त. स्लीव्हमध्ये जवळपास पाऊण जठर काढून टाकतात. बी१२ शोषायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टर तिथंच तयार होतो आणि अन्नातून बी१२ सुटं करणारं आम्लही तिथलंच. दोन्ही घटलं. म्हणून मोठा डोस घ्यायचा, म्हणजे त्यातला एखादा टक्का तरी आपोआप झिरपून आत जातो. मी तोंडात विरघळणारी १५०० मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२चीच गोळी, घेते. स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळते. ज्यांना रोजची कटकट नको त्यांना डॉक्टर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात. बी१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे 'मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला' असं पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं. पायाला मुंग्या येऊ लागेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्या शाकाहारी घरात तर हा साठा आधीच बेताचा. शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर बी१२ आणखी खाली येतं, हे मेडिकलवाला आपणहून सांगत नाही.

मुलीने मायेने गमीज, म्हणजे जेलीसारख्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणल्या होत्या, अस्वलाच्या आकाराच्या. जिलेटिनच्या, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनच्या निघाल्या, त्यामुळे घरात आधीच नापास. पण तो मुद्दा सोडला तरी त्यात लोह नव्हतं, बी१ नव्हतं, साखर होती आणि बायोटिन ढीगभर होतं. बायोटिन केसांसाठी म्हणून विकतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे. प्रोटीन आणि लोह नीट ठेवलं तर बहुतेकींचे परत येतात. वर जास्त बायोटिनने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तीच गत केसांसाठी सुटी जस्ताची गोळी महिनोन्महिने खाणाऱ्यांची. जस्त वाढलं की तांब्याचं शोषण घटतं. १ मिलिग्रॅम तांब्यामागे ८ ते १५ मिलिग्रॅम जस्त, हे प्रमाण सांभाळायचं असतं.

खरी गंमत कॅल्शियममध्ये आहे. आमच्या धंद्यात टॉवेल हातात घेतला की आधी खळ किती ते बघतात. खळीने वजन वाढतं, एका धुण्यात ती निघून जाते आणि उरतं ते खरं सूत. कॅल्शियमच्या गोळीचं असंच आहे. पुढे लिहिलेलं असतं 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम'. त्यातलं खरं कॅल्शियम फक्त २१ टक्के, म्हणजे २१० च्या आसपास. दुसरा प्रकार कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यात ४० टक्के, म्हणून १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत ५०० मिळतं. पाकिटामागे 'एलिमेंटल' शब्दापुढचा आकडा शोधायचा, बाकी सगळी खळ.

मग कार्बोनेटच का नको? कारण त्याला आम्ल लागतं, आणि आपल्या पोटात आता ते कमी. कार्बोनेट घेतलंच तर जेवणासोबत घ्यायचं. सायट्रेटला जेवणाची अट नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम हवं, पण त्यात खाण्यातलंही धरायचं असतं. १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम येतं. दही-ताकावर माझं बरंच भागतं, उरलेलं गोळ्यांनी. एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून गोळ्या वाटून घ्यायच्या. सासूबाईंनी एकदा चष्मा लावून पाकीट वाचलं आणि 'ऑयस्टर म्हणजे काय गं?' असं विचारलं. बाजारातली बरीच कार्बोनेटची गोळी शिंपल्यापासून करतात. त्या दिवसापासून घरात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठीही सायट्रेटच येतं. व्हिटॅमिन डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून करतात, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

सायट्रेट मिळवणं हाच सोलापुरातला खरा त्रास. स्टेशनकडच्या एका मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर कार्बोनेटची पट्टी पुढे सरकवली. म्हटलं, हे नव्हे. तर म्हणाला, "ताई, हे पण कॅल्शियमच हाय की. सगळे हेच नेतात." सगळ्यांचं पोट शाबूत असतं, दादा.

आता घेते ते जुळे सोलापुरातल्या एका लहानशा मेडिकलमधून. तिथला मुलगा पट्टी उलटी करून काउंटरवर ठेवतो आणि आधी मागचं वाचतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने विचारलं, "ताई, थायरॉइडची गोळी चालू आहे का?" चालू आहे. तर म्हणाला, ती पहाटे घ्या, आणि लोह-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. एवढं सांगायला कोणी वेगळे पैसे घेत नाही, पण सांगतं कोण? माझ्या लेखी या दुकानाचे सगळे मार्क त्या एका प्रश्नाला. वजाबाकी करायची तर दुकानात उभं राहायला जागा नाही आणि कार्ड मशीन कायम 'आत्ताच बंद पडलंय'.

लोहाचं सोपं आहे. पाळी चालू असलेल्या बाईला या ऑपरेशननंतर ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह लागतं. आशाताई वाटतात त्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, म्हणजे स्वस्त गोळी कमी प्रतीची असं समजायचं कारण नाही. माझ्या पोटाला ती झेपली नाही, म्हणून डॉक्टरांनी फेरस ॲस्कॉर्बेट ही लोहाची दुसरी गोळी दिली. अडचण गोळीची नाही, चहाची आहे. आमच्या गल्लीत गिऱ्हाईक बसलं की चहा येतो, आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. मी शटर उघडल्यावर लिंबू पिळलेल्या घोटभर पाण्यासोबत लोह घेते. नंतर तासभर कुणी चहा पुढे केला तर सरळ नाही म्हणते. गिऱ्हाईक रागावत नाही, चहावाला रागावतो.

डी३ बद्दल सोलापूरकरांना हसू येतं. एवढं ऊन, आणि डी कमी? पण दिवसभर दुकानात ट्यूबलाइटखाली बसणारीला ऊन दिसतं, लागत नाही. तक्त्यात रोज ३००० युनिट लिहिले आहेत, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर जाईपर्यंत. आपल्याकडे सर्रास मिळते ती ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल. हिशोब करा: रोज ३००० म्हणजे आठवड्याला २१,०००. ती पुडी जवळपास तिप्पट आहे, कमतरता भरून काढायला ठरावीक आठवडे द्यायची. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही. तरी आमच्या ओळखीत दोघी-तिघी वर्षभर आपल्या मनाने पुड्या घेताना दिसल्या. पातळी बघितल्याशिवाय घेऊ नका.

बी१ म्हणजे थायमिन, त्यावर दोन वाक्यं, पण ती नीट वाचा. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, त्यामुळे ऑपरेशननंतर उलट्या सुरू होऊन खाणं बंद झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावायला घेतली तर 'माझं बॅरिएट्रिक झालंय, आधी थायमिन द्या' हे तोंडाने सांगायचं, कारण आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

तपासण्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला, मग दरवर्षी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, डी, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन). नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका, आधी फेरिटिन ढासळतं. पीटीएचचं सॅम्पल आमच्या लॅबमधून बाहेरगावी जातं, रिपोर्टला वेळ लागतो. पुण्याची तारीख ठरलेली असेल तर रक्त आधीच देऊन ठेवा, म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेसने रिकाम्या हाताने जायची वेळ येत नाही.

हे सगळे आकडे स्लीव्हवालीचे आहेत. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजनाचं दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन, झालं असेल तर लोह आणि कॅल्शियम जिथं शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळलेला असतो. तांबं २ मिलिग्रॅम लागतं, आणि स्वस्तात जुळवाजुळव करण्याआधी डाएटिशियनला विचारलेलं बरं. दिवस जाण्याचा विचार असेल तर व्हिटॅमिन ए कुठल्या रूपात आहे तेही विचारा.

जुळे सोलापुरातलं ते मेडिकल रविवारी दुपारनंतर बंद असतं. सायट्रेट त्याच्याकडे पडून नसतं, मागवून देतो, दोन दिवस लागतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत माल उशिरा येतो, तेव्हा जानेवारीची पाकिटं डिसेंबरातच सांगून ठेवा.