सांगलीत सापाला नीट बघणारा दवाखाना आहे, माझ्याकडून ४ स्टार

ज्यांचा बॉल पायथन (पाळीव परदेशी अजगर) खात नाहीये त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सांगली-मिरजेतल्या कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नाही. माणसाला काही झालं की मिरजेला न्या म्हणतात, कर्नाटकातनं लोक येतात इथं उपचाराला, पण सापाला काही झालं तर न्यायचं कुठं? फोन करावा तर साप म्हटल्यावर सर्पमित्राला बोलवा असं उत्तर.

आमचा बॉल पायथन भैरू, मूळचा माझ्या मावसभावाचा. तो नोकरीला बाहेर गेला, जाताना टँकसकट (काचेच्या पेटीसकट) साप माझ्याकडं दिला आणि तो आला तेव्हाच हडकलेला होता. दीड वर्षाचा नर, वजन २१० ग्रॅम, या वयाला निदान चारपाचशे तरी पाहिजे. पाठीचा कणा वर आलेला, अंग गोल दिसायच्या जागी त्रिकोणी, आणि उंदीर समोर धरला की तोंड फिरवून गुंडाळी करून बसायचा. धडधाकट मोठा बॉल पायथन थंडीत महिनेच्या महिने न खाता राहतो आणि त्याला काही होत नाही हे मला माहीत होतं, पण आधीच वाळलेल्याची गोष्ट वेगळी.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर मॅडमनी पहिलं काय विचारलं असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवरची, म्हणजे परदेशी प्राणी पाळण्याची, नोंद आहे का. मला हे फार आवडलं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधला, त्यामुळं वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम त्याला लागू होतात, नोंद लागते, आणि साप एकाकडून दुसऱ्याकडं गेला तरी ते कळवावं लागतं. भावानं ते सगळं केलं होतं म्हणून कागद लगेच दाखवता आले. आपला अजगर मात्र पाळता येतच नाही, तो याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, सगळ्यात कडक संरक्षणात आहे, कुणी देतो म्हटलं तरी घेऊ नका.

तपासणी एकदम शांतपणे. आधी ग्रॅमच्या काट्यावर वजन, मग मॅडमनी मानेपासून शेपटीपर्यंत एक बोट कण्यावरून सावकाश फिरवलं, कातडी हलकी चिमटीत धरून सोडली तर ती घडी तशीच उभी राहिली. "बघा, पाणी कमी पडलंय याला," म्हणाल्या. प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून तोंड उघडलं, हिरड्या गुलाबी, पू नाही, चिकट लाळेचे धागे नाहीत, श्वासाला घरघर नाही. खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांच्या कडेला गोचिडासारखे बारीक काळे किडे असतात का ते भिंगानं बघितलं. खाल्लंच नाही तर शी कुठनं येणार, म्हणून स्वॅब (कापसाच्या बोळ्यावर नमुना) घेऊन जंत तपासले, नव्हते.

मला वाटलं होतं आता नळी घालून काहीतरी भरवतील. मी विचारलंच, "मॅडम, जबरदस्तीनं भरवायचं का?" तर म्हणाल्या, "अहो ताई, ते अगदी शेवटी. आधी पाणी आणि ऊब, खाणं मागनं." आणि मग सापाला बाजूला ठेवून टँकचे फोटो मागितले! काचेला चिकटवलेला गोल तापमापक ३२ दाखवत होता, तो टँकबरोबर आलेला. मॅडमनी प्रोबवाला (वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल घ्यायला लावला आणि प्रोब साप जिथं पोट टेकतो तिथं ठेवायला सांगितला, तर तिथं जेमतेम २६. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, सडतं, आणि साप ओकतो. अशा वाळलेल्या सापाला ओकारी म्हणजे आणखी खड्ड्यात, त्यामुळं त्या थंडीत तो खात नव्हता तेच बरं होतं असं त्यांचं मत, आणि मला ते पूर्ण पटलं.

मग हीट मॅटला, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईला, ऊब ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट लावला (थर्मोस्टॅट नसेल तर मॅट सापाचं पोट भाजण्याइतकी तापू शकते, हे हलक्यात घेऊ नका), गरम बाजू ३२, गार बाजू २६ च्या आसपास, दमटपणा ६० टक्के. दोन्ही बाजूंना लपायला जागा, आणि ती घट्ट, अंग चारी बाजूंनी टेकेल एवढीच. तीन काचांना बाहेरून काळा कागद. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवायची, हे त्यांनी न विचारता सांगितलं कारण पावसाळ्यात इथं काय होतं ते त्यांनाही माहीत आहे. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात, फक्त पोट बुडेल इतक्या, आणि बाकी अजिबात हात लावायचा नाही.

आमच्या आईनं शेजारच्या काकूंचं ऐकून दूध पाजायचं काढलं होतं, बत्तीस शिराळ्याचा जिल्हा आपला, नागपंचमी रक्तात आहे. मॅडमनी आईला समोर बसवून, तिचा मान राखून समजावलं की दूध सापाला पचत नाही, त्याला फक्त पाणी लागतं. आणि मार्केट यार्डातल्या गोदामातले उंदीर आणून देतो म्हणणारे पण भेटले, त्यालाही सक्त मनाई. तो उंदीर विष खाऊन आलेला असू शकतो, जंत असतात, आणि जिवंत उंदीर तर अशक्त सापालाच कुरतडतो.

फ्रोझन उंदीर पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात मागवले. पहिला मुद्दाम लहान, भैरूच्या अंगाच्या जाडीपेक्षाही बारीक, कारण उपाशी शरीराला एकदम मोठं खाणं झेपत नाही. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवला, पिशवीत घालून गरम पाण्यात धरला, टिश्यूनं कोरडा केला आणि शेवटी हेअर ड्रायरनं डोकं गरम केलं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे बारीक खड्डे असतात, त्याला गरम डोकं दिसतं म्हणा ना. खोलीत अंधार, लांब चिमट्यानं लपायच्या जागेच्या तोंडाशी हलकं हलवलं. आधी नुसती जीभ. मग मान मागं ओढून इंग्रजी एससारखी झाली आणि मी श्वास धरेपर्यंत झडप घालून त्यानं वेटोळं मारलंसुद्धा. आई दारातनं बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर ४८ तास टँक उघडायचा नाही, पुढचा उंदीर तेवढाच लहान, ओकारी नाही झाली की मग आकार थोडा थोडा वाढवायचा. मॅडमनी प्रत्येक वेळी वजन लिहून पाठवायला सांगितलं आणि रात्री मेसेज केला तरी सकाळपर्यंत उत्तर असायचं. आता भैरू ३४० ग्रॅमवर आहे, कणा अजून हाताला लागतो पण वर आलेला दिसत नाही.

एक स्टार का कापला तेही सांगते. बसायला वेगळी जागा नाही, कुत्री भुंकत असतात आणि साप पिशवीत थरथरतो. एक्स-रे बाहेरून काढून आणावा लागतो. फ्रोझन उंदीर त्यांनी ठेवले तर सगळ्या सांगलीची सोय होईल, मी बोललेय त्यांना. फी ठीक आहे, तपासणी आणि स्वॅब मिळून हजाराच्या आत.

जाणार असाल तर आधी फोन करून दुपारची वेळ घ्या, तेव्हा गर्दी कमी असते. साप उशीच्या सुती अभ्र्यात घालून तोंड घट्ट बांधा, अभ्रा झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याला भोकं पाडा, आणि टँकचे, तापमापकाचे फोटो मोबाइलमध्ये काढूनच न्या, मॅडम तेच आधी मागतात.