अस्सल जुन्या बाटलीच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुन्या काचेच्या बाटल्यांच्या खरेदीत फसवणूक म्हटली की नवी बनावट बाटली जुनी म्हणून गळ्यात मारणे, एवढेच बहुतेक संग्राहकांच्या डोळ्यांसमोर येते. माझ्या बाबतीत तसे घडले नाही. मला विकलेली बाटली खरोखरच शंभर वर्षांहून जुनी आहे. परंतु तिचा रंग, तिची चकाकी आणि तिच्या तोंडाच्या कडेचा एक तुकडा या सर्व गोष्टी अलीकडे केलेल्या आहेत आणि किंमत मात्र त्यांच्याच जोरावर लावण्यात आली होती. हा प्रकार जुनेपणाच्या नेहमीच्या कसोट्यांतून सहज निसटतो, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

बाटली औषधाची, चौकोनी, उठावाच्या अक्षरांची आणि पिकलेल्या जांभळासारख्या गडद रंगाची होती. विक्रेत्याने ती इंटरनेटवर विकायला ठेवली होती. मी काही विचारण्याआधीच त्याने तिच्या वयाचे पुरावे एकेक करून समजावून दिले. साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उठणारी रेघ, मानेवर येऊन विरते, कारण तोंडाची कडा काच मऊ असताना हत्याराने फिरवून घडवलेली आहे. मायकेल ओवेन्स यांचे बाटल्या बनवणारे स्वयंचलित यंत्र १९०३ नंतर कारखान्यांत रुळले आणि यंत्रावर झालेल्या बाटल्यांची शिवण थेट तोंडावरून जाते, असे त्याने सांगितले. तळाच्या कडेवरचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले आहेत, सँडपेपरने घासल्यासारखे समांतर नाहीत, हेही दाखवले. यातील प्रत्येक विधान खरे होते आणि छायाचित्रांवरून पडताळता येत होते. पडताळता न येणारे विधान एकच होते, ते म्हणजे ही काच कारखान्यातच जांभळी ओतलेली आहे आणि म्हणून दुर्मीळ आहे. चार खऱ्या गोष्टींच्या आधाराने पाचवी खोटी गोष्ट खपवायची, ही या माणसाची रीत होती. संकेतस्थळाचे कमिशन वाचावे म्हणून पैसे थेट खात्यावर पाठवा, असा आग्रहही त्याने धरला. व्यवहार संकेतस्थळाबाहेर झाला की तिथे तक्रार करण्याचा मार्ग बंद होतो, हे त्याला पुरते ठाऊक असावे.

बाटली हाती आल्यावर कोमट पाण्यात साबण घालून धुतली आणि वाळल्यावर काचेवर पांढुरका, किंचित इंद्रधनुषी थर उमटला. ओल्या मातीत वर्षानुवर्षे पडलेल्या काचेच्या पृष्ठभागातील क्षार पाण्याबरोबर निघून जातात आणि काच अशी मंद होते. तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली यंत्रात फिरवली तर हा थर निघतो, आणि तसे केल्याचे उघड सांगितले असेल तर अनेक संग्राहक ते मान्यही करतात. इथे मात्र नुसते पातळ तेल चोळलेले होते. तेल सूक्ष्म खळग्यांत भरते आणि छायाचित्र काढेपर्यंत काच स्वच्छ दिसते.

या शंकेमुळे मी तोंडाची कडा भिंगाखाली पाहिली. हत्याराने फिरवलेल्या कडेवर आडव्या, गोलाकार बारीक रेषा राहतात. त्या रेषा एका जागी अचानक तुटत होत्या आणि पुढे पुन्हा सुरू होत होत्या. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात नेमका तेवढाच भाग दुधाळ निळसर चमकला. टवका उडालेली जागा रंगीत इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने, भरून काढलेली होती. विक्रेत्याच्या सर्व छायाचित्रांत ती बाजू मागे वळवलेली होती, हे मग लक्षात आले.

रंगाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. काचेतील लोहामुळे येणारी हिरवट छटा घालवण्यासाठी त्या काळी तिच्यात मँगनीज डायऑक्साइड मिसळत असत. अशी रंगहीन काच दीर्घकाळ उन्हात राहिली की अतिनील किरणांमुळे तिला जांभळट छटा येते. मात्र ही छटा बहुधा फिकी असते. तीच काच कोबाल्ट-६० सारख्या किरणोत्सारी स्रोताच्या गॅमा किरणांखाली ठेवली, तर थोड्या वेळात ती संपूर्ण जाडीत, सर्व बाजूंनी सारखी, गडद जांभळी होते. त्यामुळे बाटली किरणोत्सारी होत नाही आणि तिच्यापासून धोकाही नसतो. परंतु तिचा मूळ रंग पुसला जातो. भट्टीत तापवून हळूहळू निववल्यास हा रंग उतरतो, पण तोंडाला इपॉक्सी असलेली आणि पृष्ठभाग झिजलेली जुनी काच तडकण्याची भीती असल्याने मी तो मार्ग धरला नाही. जास्त मँगनीज घालून मुद्दाम जांभळी केलेली जुनी काच अस्तित्वात आहे, हे खरे. म्हणूनच विक्रेत्याचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे होते. निर्णायक पुरावा मिळाला तो तुलनेतून. याच साच्यातील, त्याच अक्षरांच्या ज्या बाटल्या इतर संग्राहकांनी मला दाखवल्या, त्या सर्व रंगहीन किंवा अगदी फिक्या जांभळट आहेत.

विक्रेत्याला हे सर्व छायाचित्रांसह कळवले. ‘बाटली जुनी आहे असे मी सांगितले होते आणि ती जुनीच आहे’, एवढेच त्याचे उत्तर आले. त्यानंतर त्याने संपर्क तोडला. या उत्तराचा मला आजही संताप येतो, कारण बाटलीवर किरणांचा मारा करताना त्याने, किंवा त्याच्या आधीच्या कोणी, माझ्या पैशांबरोबर त्या वस्तूचीही हानी केली आहे.

गडद जांभळी बाटली घेण्याचा विचार असेल, तर त्याच साच्याच्या बाटल्या कोणत्या रंगांत ज्ञात आहेत हे आधी शोधावे. तोंडाच्या कडेची चारही बाजूंची आणि अतिनील प्रकाशातील छायाचित्रे मागावीत, बाटली साबणाने धुऊन, कोरडी करून छायाचित्र काढायला सांगावे, आणि किरणोत्सर्ग, डागडुजी, पॉलिश किंवा तेल यांपैकी काही केले आहे का, याचे स्पष्ट उत्तर पैसे देण्याआधी लेखी घ्यावे. ‘मला माहीत नाही’ असे उत्तर आले, तर त्या बाटलीला साध्या रंगहीन बाटलीचीच किंमत द्यावी.