शके १८३८चा बंब आणि माझे २७,७४० रुपये

पाणी तापवायचे तांब्याचे जुने बंब गोळा करून ते दुरुस्त करण्याचा छंद मला अकरा वर्षांपासून आहे. मोडीवाल्यांपासून वाडे पाडणाऱ्या कंत्राटदारांपर्यंत सर्वांशी घासाघीस केलेल्या माझ्यासारख्या माणसाला मोबाइलवरच्या एका पोराने बुडवले, हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो, कारण जुना बंब विकण्याची त्याची ती जाहिरात आजही चालू आहे.

जाहिरातीतल्या बंबाची किंमत १८,५०० रुपये होती. बंब मातीमोलाने निघाला असता तर मी फिरकलोही नसतो. परंतु बारा किलो तांब्याचा मोडीचा भाव धरून त्यावर जुनेपणाचे पैसे लावले की जो आकडा येतो, त्याच्याच आसपास त्याने किंमत सांगितली होती. फोटोत बंबाच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी ‘शके १८३८’ असे कोरलेले होते, म्हणजे सन १९१६. मधल्या नळीचे तोंड धुराने काळवंडलेले, तिन्ही पाय शाबूत, खालची जाळी मूळची आणि तोटीच्या वर उजव्या अंगाला सुपारीएवढा पोचा. बंबात सर्वांत आधी जळून जाते ती जाळी. ती मूळची आहे म्हटल्यावर माझे काय झाले असेल, हे छंदिष्टांना सांगायला नको.

“काका, आजोबांचा बंब आहे, मोडीत घालायला जीव होत नाही,” असे तो म्हणाला. मी विसार म्हणून ५,००० रुपये पाठवले. विसारापूर्वी व्हिडिओ मागवावा असे सगळेच सांगतात, आणि मीही तो मागवला होता, एवढे तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

त्या व्हिडिओत पोचा नव्हता.

माझ्या डोळ्यांना तो नाही हे दिसले होते. व्हिडिओ थांबवून, चष्मा पुसून, तोटीच्या वरची जागा मी दोनदा पाहिली. तिथे तांबे सपाट होते. मला तेव्हा संशय आला नाही, राग आला, आणि तोही भलताच. जुन्या वस्तूला विचारल्याशिवाय हात कसा लावला, असे मी त्याला सुनावले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग उत्तर आले, “सॉरी काका, गावातल्या तांबटाकडून मठारून घेतला.” त्याला थाप सुचण्याआधीच मी ती त्याच्या हातात ठेवली होती. मठारलेल्या जागी हातोडीचे ठसे उमटतात, हे कसबा पेठेतल्या तांबट आळीत तासन्‌तास बसून मी स्वतः पाहिलेले आहे. एकच बंब फोटोत पोचा पडलेला आणि व्हिडिओत गुळगुळीत असेल, तर ते दोन बंब असतात आणि विकणाऱ्याकडे त्यांपैकी एकही नसतो.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. लाकडी खोक्यासाठी १,८५० रुपये आणि ‘परत मिळणारा’ वाहतूक विमा म्हणून ४,७०० रुपये गेले. मग शंभर वर्षांहून जुनी वस्तू असल्याने पुरातत्त्व खात्याचा ना-हरकत दाखला लागतो, असे सांगून ६,२०० रुपये घेतले. पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या कायद्यात शंभर वर्षांची अट खरोखरच आहे, म्हणून मी फसलो. अर्धवट ज्ञान मलाच भोवले. सरकारी शुल्क कोणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर भरायचे नसते, एवढे कळायला कायदा वाचावा लागत नाही. शेवटी व्यवहार रद्द करतो म्हटल्यावर परताव्यासाठी त्याने क्यूआर कोड पाठवला, मी पिन टाकला आणि आणखी ९,९९० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. हे मी माझ्या बहिणीला दोनदा समजावलेले आहे.

लाजेपोटी मी दोन दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासाला फोन करा, कारण पैसे पुढे सरकण्याआधीच अडवता येतात. मी फोन केला तेव्हा खाते रिकामे झाले होते. बँकेतल्या बाईंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितले, “पिन तुम्हीच टाकलाय ना?” पोलीस ठाण्यात मला आधी विचारले गेले, “बंब म्हणजे आगीचा का?” मी अर्धा तास नळी, जाळी, तोटी समजावली; अर्जावर मात्र ‘गॅस गीझर’ असे लिहिले गेले. दुरुस्ती करा म्हटल्यावर, त्याने तपासात काय फरक पडतो, असे उत्तर मिळाले. तिथून मला सायबर शाखेकडे पाठवले. रक्कम लहान आहे म्हणून त्यांनी पुन्हा ठाण्याकडे पाठवले. ठाण्यातले साहेब बंदोबस्ताला गेलेले. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी झिरो एफआयआर घेता येतो, असे मी म्हणालो, तेव्हा हवालदारांनी, “मग घरी बसून ऑनलाइनच करा,” असे सुचवले. चार फेऱ्यांनंतर माझ्याकडे फक्त एक पोचपावती आहे. अर्जाची प्रत शिक्का मारून घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका, आणि विकणाऱ्याशी झालेले संभाषण पुसू नका. रागाच्या भरात मी निम्मे पुसले.

सौ. एवढेच म्हणाली की, घरात सहा बंब असून आपण आंघोळ गीझरच्याच पाण्याने करतो.

जुना बंब घ्यायचा तर जाऊन घ्या, नळीत हात घालून काजळी बोटाला लागते का ते पाहा, आणि पाणी भरून तळाचा डाग दिलेला सांधा गळतो का ते तपासा. गेल्या रविवारी तोच फोटो, तोच पोचा, दुसऱ्या गावाच्या नावाने १७,००० रुपयांना पुन्हा दिसला. मी तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा उत्तर आले की, या जाहिरातीत नियमभंग आढळला नाही.