ब्लू रिजच्या अलीकडे की पलीकडे? व्हर्जिनियात हंगामाच्या शेवटी हरणाच्या शिकारीला जाताना

नोव्हेंबरचे शनिवार-रविवार फराळाच्या आमंत्रणांत, मुलांच्या क्लासेसमध्ये आणि ऑफिसच्या कामात निघून गेले. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, परवाना खिशात आहे आणि आता डिसेंबरचे शेवटचे दोन-तीन आठवडे तेवढे उरलेत. अशा वेळी जायचं कुठे? ॲशबर्न, हर्नडन, मनॅसस या वॉशिंग्टनजवळच्या भागात राहणारं कुणी ना कुणी मला हे दरवर्षी विचारतं. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आपल्या भागापुरता प्रश्न सोपा आहे: ब्लू रिज डोंगररांगेच्या अलीकडे बसायचं की पलीकडे? रूट 7 ने पश्चिमेला निघालात की स्निकर्स गॅपच्या खिंडीत रस्ता डोंगर ओलांडतो. अलीकडे लाउडन, फॉकिए, रॅपाहॅनॉक, मॅडिसन हे पायथ्याचे जिल्हे. लाटांसारखी उंचसखल शेतजमीन, कुरणं, मधूनमधून ओकची रानं. पलीकडे शेनांडोआ नदीचं खोरं, त्यात उभा मॅसानटन डोंगर आणि त्याही पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या हद्दीवरचे डोंगर. राज्याचे हरणांचे नियमही मुख्यतः याच रांगेवर दुभागलेत, त्यामुळे ही तुलना मी ओढूनताणून करत नाहीये. मधल्या माथ्यावर शेनांडोआ नॅशनल पार्क आहे. तिथे शिकारीला पूर्ण बंदी आहे, आणि पार्कची हद्द कुठून जाते हे नकाशावर पाहिल्याशिवाय त्या बाजूला बंदूक घेऊन फिरकूही नये.

डिसेंबर उलटताना दोन्हीकडचं चित्र अगदी वेगळं असतं. पूर्वेला आधुनिक बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यात सुरू होऊन साधारण सात आठवडे, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या शनिवारपर्यंत चालतो. पश्चिमेला तो बहुतेक ठिकाणी दोन, काही जिल्ह्यांत चार आठवड्यांत आटोपतो. मग डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या त्याच शनिवारपर्यंत तिथे फक्त ठासणीच्या बंदुकीला मुभा असते. धनुष्य आणि क्रॉसबो दोन्हीकडे चालतात. रविवारची शिकार राष्ट्रीय वनात आणि राज्याच्या वन्यजीव क्षेत्रांत 2022 पासून सुरू झाली. नोकरदार माणसाच्या हातात दुप्पट दिवस आले ते त्यामुळे.

आता हरणाचं पाहू. इथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. नरमादीच्या मिलनाचा जोर नोव्हेंबरच्या मध्यात असतो. तेव्हा नर भान हरपून भरदिवसा पळत असतो आणि नवख्या माणसाच्याही समोर येऊन उभा राहतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच नर खंगलेला, सावध आणि भुकेला असतो. सहा आठवडे बार ऐकून ऐकून कळप शहाणे झालेले असतात. म्हणून शेवटच्या हंगामात दोनच गोष्टी शोधायच्या: खाणं आणि ऊब. व्हाइट ओकची गोड फळं आधीच संपलेली असतात. रेड ओकची फळं कडवट म्हणून मागे उरतात, आणि आता हरणं त्यांवर येतात. थंडी कडक पडली की दक्षिणेकडे तोंड केलेले, ऊन खाणारे उतार धरायचे. एवढं दोन्ही बाजूंना सारखं. पुढे वाटा वेगळ्या होतात.

पूर्वेचा पायथा म्हणजे खासगी जमीन. थॉम्पसनसारखं सुमारे 4000 एकरांचं सरकारी वन्यजीव क्षेत्र फॉकिएच्या बाजूला आहे, पण ते वॉशिंग्टनपासून इतकं जवळ आहे की शनिवारी पहाटे गाडी लावायला जागा शोधावी लागते. अपालाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट तिथूनच जाते, त्यामुळे पाठीवर सॅक घेतलेले वाटसरूही असतात. पूर्वेची खरी किल्ली शेतकऱ्याच्या परवानगीत आहे. झाडांवर जांभळ्या रंगाचे पट्टे दिसले तर तीही ‘प्रवेश बंद’ची पाटीच समजायची. व्हर्जिनियाच्या कायद्यात त्या रंगाला पाटीइतकंच वजन आहे, आणि अशा जागी लेखी परवानगी लागते.

परवानगी डिसेंबरात मागायला गेलात तर बहुतेक नकारच मिळेल. मी पहिल्या वर्षी तेच केलं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये गेलो. माझ्याशी बोलायला घरातल्या आजीबाई बाहेर आल्या. बंदूक कोणती, किती वर्षांचा अनुभव, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गाडी कुठे लावणार?’ त्यांच्या गवताच्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागायची आणि आधीचा कुणी शिकारी तिथेच गाडी सोडून जायचा. मी गाडी रस्त्यालगतच्या कोपऱ्यात लावीन म्हटलं, दोन शनिवार कुंपणाच्या तारा ओढायला मदत केली, आणि आता तिसरं वर्ष त्या चाळीस एकरांवर मी बसतोय. परवानगी एकदा मिळाली की ती अशीच जपावी लागते.

अशा जागेवर शेवटच्या हंगामाचं गणित तसं सोपं असतं. कापलेल्या मक्याचं शेत किंवा हिवाळी गहू, त्याच्या कडेला सीडरची दाट झुडपं, आणि दोघांच्या मधली पायवाट. हरणं दिवसभर सीडरमध्ये दबून बसतात आणि संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात बाहेर पडतात. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत वेळ आहे, आणि हा अर्धा तासच पूर्वेचा खरा हंगाम. हरणं इथे भरपूर आहेत. शेतं, बागा, घरामागची झुडपं यांवर ती पोसली जातात. मर्यादाही सैल आहे: पूर्वेला वर्षाला सहा हरणं, त्यांत शिंगवाले जास्तीत जास्त तीन. पश्चिमेला पाच, त्यांत शिंगवाले दोन. एवढंच नव्हे, लाउडन, फेअरफॅक्स, प्रिन्स विल्यम या जिल्ह्यांत बिनशिंगी हरणांचा हंगाम मार्चअखेरपर्यंत चालू राहतो. म्हणजे जानेवारीचा पहिला शनिवार हुकला तरी पूर्वेवाल्याचा हात रिकामा राहत नाही.

उणी बाजू म्हणजे गजबज. शेजारच्या शेतातला बार, कुत्र्यांचं भुंकणं, लांबून जाणारा हमरस्ता. पूर्वेच्या अनेक जिल्ह्यांत कुत्रे सोडून हरणं उठवण्याची जुनी रीत अजून कायदेशीर आहे. पश्चिमेला ती बंद आहे. आणि घरं जवळ असल्यामुळे गोळीच्या मागे काय आहे, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं. मचाणावरून, खाली मातीकडे तोंड करून बार काढायची सवय इथे लावून घ्यावीच.

पश्चिमेला गेलं की हे सगळं मागे पडतं. जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टमध्ये परवानगीसाठी कुणाचं दार ठोठवावं लागत नाही. नेहमीच्या परवान्यांबरोबर वनाचा एक नाममात्र फीचा परवाना घेतला की पश्चिम व्हर्जिनियातलं 10 लाख एकरांहून जास्त रान तुमच्यासाठी खुलं. आपल्याला जवळ पडतो तो मॅसानटनचा भाग आणि दोन सोंडांच्या मधली फोर्ट व्हॅली.

पण रान मोठं म्हणून हरणं जास्त, असं समजू नका. इथे उलटं आहे. राष्ट्रीय वनातली झाडं म्हातारी झालीत, तोड फारशी होत नाही, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे कोवळा पाला कमी. पश्चिमेची हरणं आता जास्त करून खोऱ्यातल्या खासगी शेतांवर आहेत. सरकारी डोंगरावर ती विखुरलेली आहेत, आणि ज्या वर्षी ओकला फळ धरत नाही त्या वर्षी तर दिवसच्या दिवस शेपटीसुद्धा दिसत नाही. मादी मारायची मुभा असलेले दिवसही वनात कमी असतात. आपल्या जिल्ह्याचा तक्ता राज्याच्या पुस्तिकेत पाहूनच निघावं.

तिथे बसून चालत नाही, चालावं लागतं. दक्षिणेकडच्या सोंडेवर, माथ्याच्या थोडं खाली, माउंटन लॉरेलची सदाहरित जाळी असते. थंडीत हरणं तिच्यातच बसतात. वारा सांभाळणं हे अर्धं काम आहे. सकाळी उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार हवा घळीतून खाली उतरते. म्हणून सकाळी वरून यायचं, संध्याकाळी खाली थांबायचं. हे मी तीन हंगाम चुका करत शिकलो. मी येण्याआधी माझा वास पोचायचा, आणि मला दिसायची ती फक्त दूर पळणारी पांढरी शेपूट.

तरीही मी पलीकडे जातो, आणि त्याचं मोठं कारण ठासणीची बंदूक हेच आहे. माझं आजोळ राजापूरकडचं. डुकरांपासून भात राखायला आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती भिंतीवर टांगलेली पाहिल्याचं आठवतं, चालवलेली कधी पाहिली नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला, आणि ते योग्यच झालं. इथे मात्र हरणं इतकी वाढलीत की राज्यात दरवर्षी सुमारे 2 लाख हरणं मारली जातात तरी शेतकरी आणखी मारा म्हणतात. माझी बंदूक नव्या पद्धतीची आहे, .50 ची (नळीचा व्यास अर्धा इंच). पण कृती तीच: नळीतून दारू, वरून गोळी, मग गजाने सारखा दाब देत खाली. गजावर मी पांढऱ्या रंगाने दोन रेघा केल्यात. वरची रेघ नळीच्या तोंडाशी आली की बंदूक रिकामी, खालची आली की भरलेली. काळोखात बोटाने चाचपूनही कळतं. खालच्या रेघेपर्यंत गज टेकला नाही तर गोळी दारूवर नीट बसलेली नाही, आणि तशी बंदूक उडवणं जिवावर बेतू शकतं.

बार निघाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा. हरीण पडलं की पळालं, कुठल्या झाडामागे गेलं, पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. म्हणून उडवण्याआधी हरणामागचं एखादं झाड मनात पक्कं करायचं. दुसरा बार लगेच नाही, एकच संधी. मी शंभर यार्डांच्या पलीकडे उडवत नाही. बंदूक याहून लांब नेते, पण जखमी जनावर लॉरेलच्या जाळीत हरवलं तर ते सापडत नाही. एकदा माझं तसं झालं. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माग काढला, ओढ्याशी रक्ताचा शेवटचा थेंब होता, पुढे काही नाही. ती मादी अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून अंतराच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दमट हवेत दारू ओली होते हा दुसरा धोका. थंड बंदूक गरम गाडीत आणली की आत दव धरतं. दिवसभराच्या फेरीत ती बाहेरच्याच तापमानाला ठेवा, प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) मात्र काढून. घरी गेल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुवायची, नाहीतर गंज धरतो.

धनुष्य की बंदूक, याचा निर्णय पूर्वेला जागेवरून करावा. वस्ती जवळ असेल तर क्रॉसबो, आवाज नाही आणि शेजारी खूश. पश्चिमेच्या उघड्या ओकबनात वीस-तीस यार्डांवर हरीण येऊ देणं फार कमी जणांना जमतं. बंदुकीच्या हंगामात केशरी किंवा गुलाबी टोपी वा जॅकेट घालायचं हे दोन्हीकडे आहेच.

एच-वन-बी वाल्यांनी हे नीट वाचावं. इमिग्रंट नसलेल्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यात सूट मिळते. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर, आणि परवान्याची मुदत संपू द्यायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. मनात शंका असेल तर क्रॉसबोने सुरुवात करा, ते या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. खरेदीआधी वकिलाला एकदा विचारलेलं उत्तम.

हरीण पडल्यावर पूर्व-पश्चिम फरक पुन्हा जाणवतो. पूर्वेला शेतकऱ्याची गाडी बांधापर्यंत येते. पश्चिमेला साठ-सत्तर किलोचं धड घळीतून वर ओढायचं म्हणजे दोन माणसांचं तीन तासांचं काम. एकट्याने जाणार असाल तर तिथेच तुकडे करून सॅकमधून आणायची तयारी हवी. हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग व्हर्जिनियात पहिल्यांदा 2009 मध्ये फ्रेडरिक काउंटीत सापडला, आणि आता डोंगराच्या दोन्ही अंगांचे अनेक जिल्हे रोगनियंत्रण क्षेत्रात आहेत. तिथून अख्खं धड कुठे न्यायचं यावर निर्बंध आहेत. पाठीचा कणा जागीच ठेवणं सोपं पडतं. माणसाला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये हाच अधिकृत सल्ला आहे. डोकं तपासणीच्या पेटीत टाका आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या घरी निकालाआधी पातेलं चढत नाही. निकाल चांगला आला की मागच्या पायाचा खिमा. चरबी अजिबात नसते, म्हणून तेल थोडं सढळ घालायचं आणि आच मंद ठेवायची. खाऊन उरेल इतकं मिळालं तर ‘हंटर्स फॉर द हंग्री’कडे देता येतं. 1991 पासून ते हे मांस गरजूंपर्यंत पोचवतायत.

तर जायचं कुठे? पहिलंच हरीण असेल, शनिवार दोनच असतील आणि घरी मांस हवं असेल, तर पूर्वेला. त्यासाठी मात्र ऑगस्टपासून ओळख हवी. यंदा ती नसेल तर थॉम्पसनमध्ये आठवड्यातल्या दिवशी रजा टाकून जा, शनिवारी नको. ज्याने दोन-चार हरणं केलीत, सोबतीला विश्वासू माणूस आहे आणि रिकाम्या हाताने परतायची तयारी आहे, त्याने फोर्ट व्हॅलीत जावं. एकट्या नवख्याने डिसेंबरात पश्चिमेच्या घळीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फोनला रेंज नसते आणि पाच वाजता काळोख होतो.

मी या वर्षी दोन शनिवार आजीबाईंच्या मक्याच्या बांधावर बसणार आहे. तिसरा मॅसानटनला, मित्राबरोबर. आमच्यापैकी एकाकडेच भरलेली बंदूक असते, दुसरा माग काढतो.