शीतयुद्धाचा भिंतीवरचा नकाशा: रंग पक्के, तारखा कच्च्या

जळगावात शाळा-कॉलेजचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून 'दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप' हा नकाशा आणला. छापील किंमत साडेसहाशे, घासाघीस करून सहाशे. आमचं ज्युनियर कॉलेज अमळनेर तालुक्यात. बारावीच्या इतिहासात शीतयुद्ध (अमेरिका आणि रशियाच्या गटांतली थेट न लढता चाललेली चढाओढ) आहे आणि आमच्या भिंतीवर आजवर फक्त भारताचा राजकीय नकाशा होता, म्हणून पदरचे पैसे घातले. इतिहास शिकवणाऱ्या दुसऱ्या कोणाला घ्यायचा असेल तर आधी हे वाचा.

वस्तू म्हणून तक्रार नाही. कापडावर चिकटवलेला आहे, वर-खाली लाकडी दांडी, टांगायला दोरी. आमच्या पत्र्याच्या वर्गात उन्हाळ्यात पुठ्ठा वाकतो आणि फ्लेक्स लोंबतो, हा मात्र सरळ राहिला. रंगही उडाला नाही. अक्षरं बारीक आहेत. रोमानिया, बल्गेरिया वाचायला मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे येतात, त्यात माझं काही नुकसान नाही.

दुखणं आतल्या मजकुरात आहे. वर मथळ्यात १९४५. खाली निळ्या रंगाला 'नाटो देश' (अमेरिकेच्या बाजूची लष्करी युती), लाल रंगाला 'वॉर्सा करार देश' (सोव्हिएत बाजूची). आता नाटो झाली एप्रिल १९४९ मध्ये आणि वॉर्सा करार मे १९५५ मध्ये. पश्चिम जर्मनी नाटोत गेली तीही १९५५ लाच. म्हणजे दहा वर्षं एकाच चौकटीत कोंबली आहेत. पोरांना वाटतं, हिटलर मेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युरोप लाल-निळा झाला. एका पोराने नकाशा बघून सरळ अहिराणीत विचारलं, "सर, संगे लढनात ना त्या, मंग भांडनात कसाले?" म्हणजे अमेरिका आणि रशिया (सोव्हिएत संघ) हिटलरविरुद्ध एकत्र लढले, मग भांडले कशाला?

प्रश्न रास्त आहे, पण नकाशा त्याच्याकडे फिरकतसुद्धा नाही. २५ एप्रिल १९४५ ला एल्ब नदीवर टोरगाऊपाशी अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांना भेटले, हस्तांदोलनं झाली. ते टोरगाऊ एका ठिपक्याने दाखवायला काय हरकत होती? अमेरिकेने रशियाला युद्धात सुमारे चार लाख जीप आणि ट्रक दिले होते. पण मैत्री म्हणावी तर अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताच मुळी १९३३ मध्ये दिली होती, आणि सोव्हिएत नेता स्टॅलिनने १९३९ मध्ये हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला होता. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर चालून गेली तेव्हा कुठे हे एका बाजूला आले. जर्मनीवर पश्चिमेकडूनही हल्ला करा, दुसरी आघाडी उघडा म्हणून स्टॅलिन मागे लागला होता. ती फ्रान्समध्ये उघडली जून १९४४ मध्ये. युद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत बाजूची सुमारे पावणेतीन कोटी माणसं गेली होती. जर्मनी दोनदा ज्या बाजूने आली त्या पोलंडमध्ये आपल्या मर्जीतलं सरकार हवं, यावर स्टॅलिन अडून बसला. याल्ताला दोस्तांच्या बैठकीत फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याने खुल्या निवडणुकांच्या मसुद्यावर सही केली खरी, पण खुल्या निवडणुकांतून त्याच्या मर्जीतलं सरकार येणार नव्हतं. हे एवढं फळ्यावर लिहिलं की वर्ग गप्प होतो. नकाशावर याल्ता आहे, पण नुसतं गावाचं नाव म्हणून.

आता चांगलं सांगतो. उजव्या कोपऱ्यात जर्मनीचा छोटा नकाशा आहे: चार रंगांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत या चौघांच्या ताब्यातले चार विभाग आणि सोव्हिएत विभागाच्या पोटात, पुन्हा चौघांत वाटलेलं बर्लिन. माझ्या मते सहाशेतले चारशे या कोपऱ्याचे. बर्लिनची नाकेबंदी त्याच्यावर बोट ठेवून शिकवता येते. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या तीन विभागांत नवं चलन आलं, म्हणून सोव्हिएत बाजूने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे बंद केली, आणि मे १९४९ पर्यंत शहराचा तो भाग विमानांवर जगला. एकूण सुमारे २३ लाख टन माल गेला. पोरांना वाटतं विमानांतून ब्रेड आणि दूधपावडर गेली असेल. गेला त्यात बहुतेक कोळसाच. दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा मालगाडीने येतो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे विमानातून कोळसा म्हटल्यावर डोळे मोठे होतात.

याच कोपऱ्यात आणखी एक गोष्ट हवी होती. युद्ध संपताना अमेरिकन फौजा लाइपझिगपर्यंत पोचल्या होत्या. जुलै १९४५ मध्ये त्या मागे सरल्या आणि तो मुलूख सोव्हिएत फौजांच्या हाती गेला, कारण विभागांच्या हद्दी लंडनमध्ये १९४४ सालीच ठरल्या होत्या. जी रेघ पुढे चाळीस वर्षं दोन जगांमधली हद्द झाली, ती आखताना दोघे एकमेकांचे दोस्त होते! मी हे प्रकरण इथूनच सुरू करतो. ब्रिटनच्या चर्चिलचं अमेरिकेत फुल्टनला झालेलं पोलादी पडद्याचं भाषण, ग्रीस-तुर्कस्तानला अमेरिकी अध्यक्ष ट्रूमनचे ४० कोटी डॉलर, युरोप पुन्हा उभा करायची अमेरिकेची मार्शल योजना, हे सगळं त्या रेघेवर नंतर चढलेलं बांधकाम. पुस्तकात ते आहेच, त्यावर वेळ घालवत नाही.

दोन चुका मात्र माफ करण्यासारख्या नाहीत. ऑस्ट्रिया निळा रंगवलाय. तो १९५५ पर्यंत चौघांच्या ताब्यात होता, नंतर तटस्थ झाला, नाटोत कधीच गेला नाही. आणि युगोस्लाव्हिया लाल! तिथला नेता टिटो कम्युनिस्ट होता, पण स्टॅलिनच्या गोटातून त्याला १९४८ मध्येच बाहेर काढलं होतं आणि वॉर्सा करारात तो नव्हता. पुढच्या तासाला मी सांगणार, अलिप्ततावादी देशांची पहिली परिषद १९६१ मध्ये युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडला झाली, नेहरू गेले होते. आणि माझ्या पाठीमागे बेलग्रेड लालभडक.

दुकानदाराला फोन केला. म्हणाले, "सर, एवढं कोण बघतं? तपासणीला भिंत भरलेली दिसली म्हणजे झालं." माणूस गोड आहे, बदलून द्यायलाही तयार होते, पण दुसऱ्या प्रतीतही युगोस्लाव्हिया लालच निघणार.

तरी घ्या, कारण हा विषय मराठीत भिंतीवर लावता येईल असं माझ्या पाहण्यात दुसरं काही नाही. पाचशेच्या वर देऊ नका. त्यांच्याकडे चकचकीत लॅमिनेशनचाही प्रकार आहे, पन्नास रुपये जास्त. तो घेऊ नका, त्यावर पेन चालत नाही. साध्या कापडीवर मी देशादेशावर साल लिहिलंय, टोरगाऊचा ठिपका काढलाय, ऑस्ट्रिया-युगोस्लाव्हियावर पांढरे कागद चिकटवलेत. फेव्हिकॉल पातळ करून लावा, नाहीतर कागद सुकल्यावर सुरकुततो.