आठवडी बाजारातली लोखंडी पत्र्याची कढई, अन् तिच्यात केलेल्या चायनीज बुफेवाल्या बीन्स

कढई एक नंबर आहे. ज्यांच्या घरी चूल आहे किंवा मोठ्या बर्नरची शेगडी आहे त्यांनी डोळे झाकून घ्या, इंडक्शनवाल्यांनी घेऊ नका. आता सविस्तर सांगतो, कारण ही कढई मी मुद्दाम एका भाजीसाठी शोधून घेतली अन् ती भाजी जमली म्हणूनच हा रिव्ह्यू लिहून राहिलो.

भाजी म्हणजे अमेरिकेतल्या चायनीज बुफेत मिळते ती बीन्सची, म्हणजे फरसबीच्या शेंगांची. माझी बहीण न्यू जर्सीला राहते, तिच्याकडं गेलो होतो तेव्हा खाल्ली. तिथं स्टीलच्या मोठ्या ट्रेमधी नूडल्स, जनरल त्सो चिकन, तळलेला भात असं सगळं मांडून ठेवलेलं राहते अन् त्याच्यातच एका ट्रेमधी या शेंगा. अख्ख्या, चमकदार, सालीवर सुरकुत्या पडलेल्या, लसणाचा वास, थोडी गोडसर थोडी खारट. आपल्या लग्नात चायनीजच्या काउंटरवर मंचुरियन अन् हाका नूडल्सच राहतात, ही भाजी मी इकडं कुठंच पाहिली नाही. मूळ सिचुआनमधली कोरड्या परतलेल्या शेंगांची भाजी आहे, तिच्यात पोर्कचा खिमा, खारवलेली मोहरीची पानं, सुक्या मिरच्या अन् तिरफळाच्या जातीचा तो जीभ बधिर करणारा मिरा पडते. अमेरिकेत बुफेवाल्यांनी ते बहुतेक सगळं काढून टाकलं अन् लसूण, सोया सॉस, साखर एवढ्यावर आणली. मला विचाराल तं आपल्या जिभेला ही बुफेवालीच जास्त जवळची आहे, काऊन का तिच्यात लसूण भरपूर अन् चव सरळ.

घरी करायला घेतली की लोकं पहिले सॉसच्या मागं लागतात, हा सॉस पाहिजे तो सॉस पाहिजे, नेटवरून मागवा. मी ठामपणे सांगतो, या भाजीत सॉसचं काम कमी आहे, आचेचं जास्त आहे. बुफेच्या किचनमधी शेंगा आधी गरम तेलातून मिनिट दीड मिनिट काढतात, साल फुगते, आकसते, डाग पडतात, अन् मंग मोठ्या भट्टीवर लसणासोबत झटक्यात परततात. त्या भट्टीची आच आपल्या घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते. आपण घरी पातळ भांड्यात अर्धा किलो शेंगा एकदम टाकतो, भांडं लगेच थंडं पडते, शेंगांना पाणी सुटते अन् त्या परतल्या न जाता उकडल्या जातात. मंग वरून कितीही सॉस टाका, ती बीन्सची पातळ भाजीच होते.

नॉनस्टिकमधी तं हे होणारच नाही. आमच्या घरी एका कंपनीचा नॉनस्टिक तवा आहे, घावन अन् अंड्यासाठी चांगला आहे, पण त्या कोटिंगला साधारण २६० अंशाच्या पुढं तापवायचं नसते, कोटिंग खराब व्हायला लागते अन् त्याचा धूर बी चांगला नाही. या भाजीला कढई धूर निघेपर्यंत तापवावी लागते. म्हणजे लोखंडच पाहिजे.

आता कढई. आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आठवडी बाजारात इळे, कुऱ्हाडी, पावशी, सराटे (उलथणी) घेऊन लोहार बसतात, त्यांच्याकडं या कढया राहतात. किलोच्या भावानं तोलून देतात. बिडाची वेगळी अन् ही वेगळी, बिडाची ओतीव असते, जाड, तापायला वेळ लागते पण एकदा तापली की आच धरून ठेवते. ही पत्रा ठोकून केलेली, बूड गोल, दोन कडे रिव्हेट मारून बसवलेले. मी १२ इंची घेतली, भाव करून साडेसहाशेत दिली. घेताना एवढं पाहा की पत्रा बोटानं दाबून लवत नाही ना, कडे हलवून पाहा, आतून ठोक्याचे खोल खड्डे नको, अन् काठावरून हळू बोट फिरवा. काठ धारदार राहते. मी तिथंच लोहारभाऊले सांगितलं तं त्यानं लगेच कानस मारून दिली, पैसे बी घेतले नाही. माणूस मालाबद्दल खरं बोलला, म्हणे पावसाळ्यात सांभाळा, चिंचेचं वरण करू नका, बाकी नातवापर्यंत जाईल. मला असा दुकानदार आवडते.

मोठ्या दुकानात चकचकीत पॉलिश केलेल्या लोखंडी कढया बी मिळतात, डब्यात पॅक, वर काचेचं झाकण. दिसायला छान, पण भाव दुप्पट तिप्पट अन् बूड सपाट. सपाट बुडात शेंगा पसरून पडतात, उडवता येत नाही. गोल बुडात सराट्यानं ढकललं की शेंगा आपोआप मधात येतात, सगळ्यात तापलेल्या जागी. या भाजीसाठी गोलच पाहिजे.

नवीन कढई लगेच वापरायची नाही. कारखान्याचं तेल, काजळी, लोखंडाचा वास सगळं राहते. गरम पाणी, राख अन् काथ्यानं घासून काढा, लगेच चुलीवर ठेवून कोरडी करा, अन् तापवत राहा, पत्र्याचा रंग निळसर काळा होत जाते. मंग तेल. इथं आपल्या विदर्भाची एक फार कामाची वस्तू आहे, जवसाचं तेल. जवसाचं तेल हवेत अन् आचेवर वाळून कडक होते, म्हणूनच तं ते पेंटमधी वापरतात. कढईवर त्याचा एकदम पातळ हात फिरवायचा, इतका पातळ की फडक्यानं पुसून काढल्यावर जे उरते तेवढाच, अन् धूर निघून थांबेपर्यंत तापवायचं. थंडी होऊ द्यायची, परत हात, परत ताप. जाड थर दिला तं चिकट होते अन् पुढं पापुद्रे निघतात. असं तीन चार थर बसले की कढई काळीभोर गुळगुळीत होते, अंडं बी चिकटत नाही. पण लक्षात ठेवा, जवसाचं तेल फक्त कढई तयार करायला. भाजी त्याच्यात तळू नका, ते फार लवकर जळते. तळायला आपलं नेहमीचं रिफाइंड सोयाबीन किंवा फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं.

आता रांधण्याचं. शेंगा कवळ्या घ्या, मोडली की कट्‌ आवाज आला पाहिजे, दाणे फुगलेल्या नको. हिवाळ्यात बाजारात चांगल्या येतात. शिरा काढा, धुवा, अन् धुतल्यावर फडक्यावर पसरून एकदम कोरड्या करा, मी तं पंख्याखाली ठेवतो. ओल्या शेंगा तापल्या तेलात टाकल्या तं तेल अंगावर उडते अन् आच बी मरते, म्हणून या पायरीत घाई नको. अख्ख्या ठेवा किंवा मधात एक तुकडा, बारीक चिरल्या तं ती बुफेवाली भाजीच राहत नाही.

चुलीत मी पऱ्हाट्या लावतो. कापूस निघाल्यावर वावरातून उपटून आणलेल्या, वाळलेल्या. बाभळीचं लाकूड हळू अन् सारखं जळते, ते डाळीले, भाकरीले ठीक. पऱ्हाटी भडकन पेटते, जाळ मोठा, कढईच्या बाजूनं वर येते. पाच सात मिनिटाचंच काम आहे, त्याले हाच जाळ पाहिजे. तुराट्या बी चालतात पण त्या अजून लवकर संपतात, कोणाला तरी बाजूला बसून सारख्या सारत राहावं लागते. कढईतून हलका धूर निघाला की चार चमचे तेल, फिरवा, अन् अर्ध्या किलोतल्या अर्ध्याच शेंगा टाका. पहिले अर्धा मिनिट हलवू नका, साल लागू द्या. मंग सराट्यानं उलटत राहा. सालीवर फोड येतात, सुरकुत्या पडतात, जागोजागी तपकिरी डाग. काढून ठेवा, कढई परत तापू द्या, उरलेल्या टाका. झाकण अजिबात ठेवायचं नाही, झाकलं की हिरवा रंग जाऊन मेंदीसारखा होते अन् वाफेनं मऊ पडतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कचकच राहिली पाहिजे म्हणून अर्धकच्च्या खाऊ नका. या शेंगांत कच्च्या असताना एक घटक राहते, लेक्टिनच्या जातीचा, त्यानं उलट्या अन् पोटदुखी होते. चीनमधी मोठ्या मेसमधी अर्धवट शिजलेल्या शेंगांनी लोकं आजारी पडल्याचे प्रकार झाले आहेत. शेंग मोडून पाहा, आतून कच्चा हिरवा वास गेला पाहिजे, दाणा शिजला पाहिजे. साल सुरकुतली अन् शेंग वाकवल्यावर न तुटता वाकली, म्हणजे झाली.

मंग उरलेल्या तेलात आठ दहा पाकळ्या लसूण, ठेचून नाही, जाडसर कापून. ठेचलेला लगेच जळून कडू होते. पाहिजे तं दोन सुक्या मिरच्या. लसूण नुसता पिवळा झाला की शेंगा परत आत. दीड चमचा सोया सॉस कढईच्या कडेवरून सोडा, शेंगांवर नाही. तापल्या लोखंडावरून खाली येता येता सॉस चरचरते अन् तो जो खमंग वास सुटते तोच बुफेचा वास आहे, नॉनस्टिकमधी तो कधीच आला नव्हता. एक चमचा साखर, अन् चमकेसाठी अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर दोन चमचे पाण्यात कालवून. सराट्यानं दोनदा उलटवा, उतरवा. मीठ शेवटी चाखूनच, कारण सोया सॉस आधीच खारट. सांबार म्हणजे कोथिंबीर टाकू नका, मला सांबार सगळ्या भाजीत आवडते पण इथं त्याच्या वासानं लसूण दबते.

सॉसचं थोडं सांगतो. चांगला सोया सॉस सोयाबीन अन् गहू यांना बुरशी लावून, मंग मिठाच्या पाण्यात महिनोनमहिने मुरवून होते. तालुक्याच्या किराण्यात जे डार्क सोया म्हणून मिळते त्याच्या लेबलवर पाहा, कॅरॅमल कलर १५० लिहिलेला असला तं रंग त्याचा आहे, असा सॉस कमी टाका, नाही तं शेंगा काळ्या पडतात. आपल्या वावरात सोयाबीन पोत्यानं निघते, सगळं तेलाच्या मिलला अन् ढेपेला जाते, अन् सॉसची बाटली मात्र बाहेरून येते. कोण्या बचत गटानं हे मनावर घ्यावं असं मला खरंच वाटते. बऱ्याच बुफेत ऑयस्टर सॉस बी राहते. तो कालवांचा, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांचा असते, १८८८ मधी दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ली कुम शेउंग यांनी सुरू केला. माळकरी घरात तो चालणार नाही, मशरूमचा त्याच चवीचा सॉस मिळते, तो वापरा. दोन्ही नसले तरी भाजी अडत नाही, माझ्या आईनं नुसत्या सोया सॉसवालीच पसंत केली अन् जवारीच्या भाकरीसंग खाल्ली. मी मोकळ्या भातासंग खातो.

बीन्स नाही मिळाल्या तं बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा घ्या. उन्हाळ्या पावसाळ्यात गावात बीन्स मिळणं कठीण, बरबटी कोणाच्या ना कोणाच्या परसात राहतेच. चीनमधी बी लांब बरबटीची अशीच कोरडी भाजी करतात, म्हणजे आपण काही वेगळं करून नाही राहिलो. बोटभर लांब तुकडे करा. बरबटी आतून थोडी पोकळ असते, तेल जास्त पिते, म्हणून तेल काढून घेऊन परता. चव थोडी मातकट, पण फोड सुंदर येतात.

आता कढईचे दोष. कडे भयंकर तापतात, सांडशीशिवाय हात लावू नका, लहान पोरं घरात असतील तं जपून. गॅसवर गोल बूड डुगडुगते, शेगडीवर ठेवायचं लोखंडी कडं वेगळं घ्यावं लागते. आंबट काही चालत नाही, टमाटर, चिंच, कढी यातलं काही केलं तं थर निघून जाते अन् भाजीला लोखंडाची चव येते. भाजी रांधून झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवली तं काळी पडते. साबणाचं थोडं पाणी चालते पण तारेच्या घासणीनं खसाखसा नाही. धुतल्यावर चुलीवर कोरडी करून तेलाचा हात, हे रोजचं. पावसाळ्यात एक दिवस ओली राहिली तं तांबेरा धरते. धरला तं घाबरू नका, राखेनं घासा, परत जवसाचा हात द्या, कढई जशीच्या तशी होते. ज्याला हा रोजचा तीन मिनिटाचा व्याप नको त्यानं घेऊ नये, पडून गंजते अन् मंग लोहाराच्या नावानं बोटं मोडतात.

बाकी वापर म्हणाल तं झुणका, आलूचे काप, कारले, खर्डा, सगळं यात चांगलं होते. वांगं तर फारच.

चार माणसाच्या घराला १२ इंची पुरते. सात आठ जण असतील तं १४ इंची घ्या, पण ती घरच्या गॅसवर कडेपर्यंत तापत नाही, चूलच लागते, अन् कढई मोठी आहे म्हणून किलोभर शेंगा एकदम ओतू नका, पाव पाव किलोच्या खेपा करा अन् दर खेपेला धूर दिसला की मगच टाका.