निफाडच्या थंडीवर विकलेली पीचची रोपं

माझी द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये मी पीचची २०० रोपं घेतली. ३२० रुपयांना एक, म्हणजे ६४,००० रुपये. खड्डे, शेणखत, ठिबक आणि अडकून पडलेलं एकरभर रान वेगळं. एकाही झाडाला फळ धरलं नाही. यंदा तशाच गाड्या पुन्हा गावात दिसू लागल्यात, म्हणून झालं ते सगळं लिहितोय. तक्रार चालू असल्यामुळे रोपवाल्याचं नाव घालत नाही, पण त्याची पद्धत कळली तरी पुष्कळ.

तो आला तो नेमका थंडीच्या लाटेत. मण्यांना तडे जातील या धास्तीने पहाटे बागेला पाणी सोडून, बांधावर धूर करून आम्ही मेटाकुटीला आलो होतो. सकाळी शेकोटीपाशी चौघं-पाचजण बसलो असताना त्याने मोबाइलवर पेपरचं कात्रण दाखवलं, निफाडचा पारा घसरल्याचं. म्हणाला, "भाऊ, ज्या थंडीनं तुमचं द्राक्ष जातं, त्याच थंडीवर हे झाड पिकतं. पंजाबात ४५ डिग्रीच्या उन्हात तगतं, तुमच्याकडं का नाही होणार?" वाणाचं नाव सांगितलं फ्लोरिडा प्रिन्स.

हे नाव खरं आहे. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८२ मध्ये हा वाण काढला तो उष्ण भागांसाठीच. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तिथल्या मैदानी भागासाठी त्याची शिफारस केलेली आहे. एप्रिलच्या अखेरीला फळ तयार होतं, डोंगरातला माल बाजारात यायच्या आधी, त्यामुळे भाव मिळतो. मी त्याच रात्री इंटरनेटवर हे सगळं तपासलं, आणि तपासलं म्हणूनच फसलो. वाणाची माहिती खरी निघाली तेव्हा रोपही त्याच वाणाचं असणार, असं धरून चाललो.

आता थंडीचा हिशेब, कारण सगळी मेख तिथे आहे. पीच हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि ती झोप पुरी व्हायला त्याला ठरावीक तास थंडी लागते. साधारण ७ अंशांच्या खाली गेलेला एकेक तास मोजायचा. डोंगरातल्या बऱ्याच वाणांना असे ८०० च्या आसपास तास लागतात, फ्लोरिडा प्रिन्सला सुमारे १५०. पेपरात छापून येतो तो पहाटेचा नीचांक. तो किती वेळ टिकला हे कात्रणात नसतं. माझ्या बागेत हवामान यंत्र आहे, दर तासाची नोंद होते. पुढे २०२२-२३ च्या हिवाळ्यातल्या नोंदी मी वहीत उतरवून बेरीज केली. अख्खा हिवाळा मिळून ७ अंशांखालचे ४३ तास भरले. पहाटे तीन-चार तास काकडायचं, आणि दुपारी बनियनवर काम करायचं. दुपारचं ते ऊन रात्री साठलेली थंडी काही अंशी पुसूनही टाकतं. पंजाबचा उन्हाळा आमच्यापेक्षा कडक, पण डिसेंबर-जानेवारीत तिथे दाट धुकं पडतं आणि दिवस दिवस सूर्य दिसत नाही. तास भरतात ते त्या धुक्यात. उन्हाचं सांगणाऱ्याने धुक्याचा शब्दही काढला नव्हता.

म्हणजे रोपं अस्सल असती तरी माझ्या रानात त्यांची थंडी पुरी झाली नसती. पण ती अस्सल नव्हतीच.

फेब्रुवारीत रोपं आली, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. प्रत्येक खोडाला वीतभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी. आम्ही द्राक्षवाले, डॉगरिजच्या खुंटावर (खुंट म्हणजे कलमाखालचं मुळासकटचं झाड) कलमं बांधण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. पट्टी दिसली की आत कलम आहे, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. ती सोडून बघायचं मनातही आलं नाही.

पहिल्या वर्षी झाडं अशी फोफावली की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. माझ्या बहिणीच्या यजमानांनी, दाजींनी, माझ्याच शब्दावर ५० रोपं घेतली होती. त्यांचीही तशीच वाढली. पहिला हिवाळा कोरडा गेला तेव्हा फोनवर उत्तर मिळालं, "भाऊ, झाड अजून लहान आहे." दुसऱ्या हिवाळ्याआधी सांगितलं, "द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर करता तसं पेस्टिंग करा." पेस्टिंग म्हणजे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावणं. तेही केलं. त्याने थंडीची थोडीफार उणीव भरून निघते हे खरं, पण शेकड्यांनी तास कमी असले तर ते काय करणार? काही डोळे जळाले तेवढे. पानं डिसेंबर संपला तरी झडेनात. फेब्रुवारीत फांद्यांच्या शेंड्याला पालवीचे झुबके आले आणि खाली हात-हातभर फांदी उघडी. त्या उघड्या सालीवर मार्चचं ऊन बसून डिंक वाहायला लागला. थोड्या झाडांवर कळ्या दिसल्या होत्या. बोट लावलं की गळायच्या, आणि फोडून पाहिलं तर आत तपकिरी भुगा. तोवर रोपवाल्याचा फोन बंद झाला होता.

मार्च २०२३ मध्ये कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडम बागेत आल्या. झाडांकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "दादा, कलमाची गाठ कुठाय?" मी खोडाशी बसलो. पट्टी सालीत रुतली होती, ब्लेडने कापून सोडवली. खाली साल वरपासून खालपर्यंत एकसारखी. रंगात फरक नाही, फुगवटा नाही, कलमापाशी खोड किंचित वाकतं तो बाकही नाही. चाकूने ओढलेला एक वरवरचा ओरखडा तेवढा होता, तोही भरून आलेला. मग एक झाड कापून खोड उभं चिरलं. कलमी झाडाच्या लाकडात खुंट आणि वरची काडी जिथे जुळतात तिथे रेष दिसते. इथे शेंड्यापर्यंत एकच लाकूड. मॅडमच्या मते ती डोंगरातल्या रानटी आडूची, म्हणजे रानटी पीचची, बियांपासून केलेली रोपं होती, तिकडे कलमाचा खुंट म्हणून वाढवतात तशी. ज्याच्यावर कलम बांधायचं, तो नुसता खुंटच मला पट्टी बांधून विकला.

मुदतीची हमी दिली होती, तीही नीट वाचा. "१२ महिन्यांत रोप मेल्यास बदलून मिळेल." रोप मरणार नव्हतंच. पीचची खरी ओळख पटते ती दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात, आणि हमी पहिल्याच वर्षी संपते. पावतीवर लिहिलं होतं "फळरोपे, नग २००". वाणाचं नाव नाही, खुंटाचं नाही, परवाना क्रमांकही नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकेला कृषी विभागाचा परवाना लागतो, त्यासाठी १९६९ पासून कायदा आहे. मी परवाना विचारला असता तर तो माणूस शेकोटीवरूनच उठून गेला असता, असं आता वाटतं.

तेव्हा कुणी रोपं घेऊन दारात आलाच, तर पैसे द्यायच्या आधी कुठल्याही दोन-तीन रोपांच्या पट्ट्या स्वतः सोडा, विकणाऱ्याने पुढे केलेल्या नव्हे. पावतीवर वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. ज्या झाडांच्या काड्या कलमाला घेतल्या त्या मातृवृक्षांची फळ लागलेली बाग बघायला मागा, फोटोवर भागवू नका. आपल्या भागातल्या यंत्राच्या तासागणिक नोंदी काढून ७ अंशांखालचे तास स्वतः मोजा. शंभराच्याही खाली आले तर एकरभर लावू नका, दोन झाडं परसात लावून वाट बघा.

फसलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. शेतकरी हा ग्राहक आहे, हे बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. माझ्या पावतीवर वाणाचं नाव नसल्याचा फायदा समोरची बाजू घेतेय. माझ्या बाजूने आहेत ते त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी मेसेज, ज्यांत "फ्लोरिडा प्रिन्स" दोनदा स्पष्ट ऐकू येतं. फोन बदलताना ते पुसले गेले असते, पोराने वेळेवर उतरवून ठेवले. झाडं उपटायच्या आधी पंचनामा मात्र करून घ्या. माझ्या चुलतभावाने रागाच्या भरात आधीच ट्रॅक्टर घातला आणि त्याच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

दाजींकडे जायला मला आठ दिवस लागले. त्यांचे १६,००० मी खिशात घेऊन गेलो होतो. बोलण्याआधी त्यांच्या बागेतलं एक झाड कापलं आणि खोड उभं चिरून त्यांच्या हातात दिलं. पैशांकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही फाका उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले. मग बांधावर पडलेली प्लास्टिकची पट्टी उचलून बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "दोघांची मिळून अडीचशे झाली. एवढ्या पट्ट्या बांधायला त्यानं मजूर लावले असतील."